प्रत्येक मुलास एक तुसी

वाइतोलो, सवाई बेट
६ फेब्रुवारी
जावक क्र. १

प्रति,
श्रीमती मातालेना,
साहाय्यक अधिकारी, शाळा-मानके विभाग, आपिया

महोदया,

प्रस्तुत पत्र मी आपल्या थोरल्या बहिणीचा पती या नात्याने नव्हे, तर वाइतोलो प्राथमिक शाळेच्या समितीचा अध्यक्ष या नात्याने लिहीत आहे, हे आरंभीच स्पष्ट करतो. अध्यक्षपद मी मागितलेले नाही. गेल्या शुक्रवारी गावसभेत कुळांचे प्रमुख असलेल्या मताई मंडळींनी माझ्या अनुपस्थितीत तसा ठराव केला, आणि महिला समितीच्या प्रमुख वाओसाबाई यांनी तो भाजलेल्या तारोच्या कंदांच्या टोपलीसह मला घरपोच आणून दिला. त्या प्रसंगी त्यांनी केलेले भाषण असे: "गुरुजी, सहा महिने झाले. घरात बसून भिंती मोजताय. आता शाळेच्या मोजा."

शाळेच्या भिंती हाच माझा पहिला प्रश्न आहे. खात्याने पाठवलेल्या नव्या मानक-पत्रकात बारा कलमे आहेत. सर्व कलमांची पूर्तता झाल्यास शाळेस दरडोई अनुदान मिळेल. न झाल्यास पुढील सत्रापासून शाळा बंद होऊन तिची त्रेचाळीस मुले सात मैलांवरील उतुमेआच्या शाळेत जातील. सात मैल हे अंतर पाच वर्षांच्या मुलाच्या पायांनी मोजावे, अशी माझी खात्यास विनंती आहे.

कलम पाच विचारते: "पहिलीच्या वर्गास खिडक्या किती?" पहिलीचा वर्ग फालेमध्ये भरतो. खांब आहेत, छप्पर आहे, खाली चटई आहे, भिंत नाही. भिंत नसल्याने खिडकीही नाही. "शून्य" हे उत्तर सत्य आहे, परंतु शून्यास गुणही शून्य आहेत. मार्गदर्शन व्हावे.

कलम दोननुसार पहिलीस स्वतंत्र शिक्षक हवा. ते पद कै. मोएलांगी यांच्या निधनापासून, म्हणजे ऑगस्टपासून, रिक्त आहे. खात्याकडे तीन अर्ज केले. उत्तर नाही. तूर्त दुसरीच्या बाई दोन्ही वर्ग सांभाळतात, म्हणजे खरे पाहता कोणताच सांभाळू शकत नाहीत.

आपला नम्र,
सेतेफानो
निवृत्त मुख्याध्यापक, अध्यक्ष, शाळा समिती

ता. क. तुझ्या मुलांना आशीर्वाद. हे एक वाक्य खासगी समजावे.


आपिया
१३ फेब्रुवारी

भावजी,

महोदया? अहो, तुमच्या लग्नात तुमच्या नव्या टोपीवर जाऊन बसलेली सहा वर्षांची पोरगी मी! फोन केला तर उचलत नाही, आणि पत्र पाठवता ते जावक क्रमांक घालून. आमच्या ऑफिसात ते सगळ्यांनी वाचलं. शिपायाने विचारलं, "कुठल्या मंत्र्याचं आहे?"

आता उत्तरं. खिडक्यांच्या जागी लिहा, "चारही बाजू". भिंतीला भोक पाडून जेवढा उजेड येतो त्याच्या दसपट तुमच्याकडे आधीच येतो, मग गुण का कापायचे?

तुमचे तिन्ही अर्ज सापडले. एकमेकांना टाचून ठेवलेत, सोबत म्हणून. शिक्षक या वर्षी मिळणं कठीण आहे. मी रोज त्या टेबलापाशी जाऊन उभी राहते, पण टेबलाच्या मालकाला माझी सवय झाली आहे.

कलम सात मात्र मनावर घ्या. बाकी गावं त्यातच आपटतायत. पत्रक कुणी तयार केलं ते विचारू नका. खात्यात पुष्कळ लोक आहेत.

७ मार्चला लेसासाहेब तपासणीला येतील. जपून. ते हार घालून घेतात, पोटभर जेवतात, यजमानांचे आभार मानतात आणि मग नापास करतात.

आणि एक सांगू? ताईच्या नावामागे "कै." लावू नका. तिने ते वाचलं असतं तर लाल शाईने खोडलं असतं आणि समासात लिहिलं असतं, "अनावश्यक".

जेवत जा. वाओसामावशी डबे भरून पाठवते ते शेजारच्या डुकरांना जातात, अशी बातमी आपियापर्यंत आली आहे.

तुमची,
मातालेना


वाइतोलो
२७ फेब्रुवारी
जावक क्र. २

चि. मातालेना हिस,

तुझ्या सूचनेनुसार संबोधन बदलले आहे. डुकरांविषयीची माहिती अर्धसत्य आहे.

पूर्ततेचा अहवाल पुढीलप्रमाणे. पाण्याची टाकी धुऊन झाली. संडासांना दारे बसली. त्यांपैकी एक दार चर्चच्या गोदामाचे आहे, परंतु पाद्री फेरेती यांनी ते कायमचे दिले आहे, उसने नव्हे. खिडक्यांच्या जागी "चारही बाजू" लिहिले. लिहिताना संकोच वाटला, तथापि विधान असत्य नाही.

कलम सातबद्दल मात्र खात्याचे मनःपूर्वक अभिनंदन केले पाहिजे. बत्तीस वर्षांच्या सेवेत इतके शहाणपणाचे कलम माझ्या पाहण्यात आलेले नाही. गावसभेत मी ते उभे न राहता, रीतीप्रमाणे बसून वाचून दाखवले: "गावाने प्रत्येक मुलास एक तुसी द्यावी. तिच्यावर मुलाचे नाव असावे. मुलास ती स्वतः वाचता यावी."

वाओसाबाई म्हणाल्या, "पत्र? प्रत्येक पोराला? त्रेचाळीस पत्रं कोण लिहिणार?"

"गाव," मी म्हणालो. "कलमात तसे स्पष्ट आहे."

"आणि लिहायचं काय?"

"मुलास वाचावेसे वाटेल ते."

पाद्री म्हणाले, "मग उपदेश नको." असे म्हणून त्यांनी स्वतः तीन पाने उपदेश लिहिला. फिलिपो कोळी म्हणाला, "मला लिहिता येत नाही. मला सोडा." वाओसाबाईंनी त्यास सोडले नाही. "तोंड तर येतं ना? तू बोल, मी लिहिते. शिव्या आल्या तर गाळीन." दोघांनी मिळून चार पत्रे पुरी केली. ती होईपर्यंत होडीघरातून एवढा आरडाओरडा चालू होता, की भांडण समजून दोन मताई सोडवायला गेले आणि प्रत्येकी एक पत्र लिहून परतले.

गेला पंधरवडा गावात कागद मिळत नाही. दुकानदार म्हणतो, निवडणुकीतही एवढा खपला नव्हता. एका मुलास दोन पत्रे झाली आणि एकास एकही नाही, असे होऊ नये म्हणून मी यादी ठेवली आहे. पहिलीच्या नऊ मुलांची पत्रे मी स्वतःकडे घेतली. ती लिहिण्यास इतरांपेक्षा अधिक वेळ लागला. ज्यास अद्याप अक्षर येत नाही त्यास काय लिहावे, हे मला कधी शिकवले गेले नव्हते. ते काम या घरात माझ्याकडे नव्हते.

सारांश, ७ मार्च रोजी कलम सातची पूर्तता शंभर टक्के असेल.

तुझा,
सेतेफानो


आपिया
५ मार्च

भावजी, भावजी, भावजी!

हे पत्र बसवाल्याच्या हाती देतेय. तो फेरीबोटीतून पलीकडे उतरला की थेट तुमच्याकडे आणेल. फोन उचला हो!

तुसी म्हणजे पुस्तक! वाचनाचं पुस्तक! पत्रालाही आपण तुसी म्हणतो आणि पुस्तकालाही तुसीच, हे मला कळत नाही का? पण कलम पुस्तकाचं होतं! गावाने दर मुलामागे एक वाचनपुस्तक द्यायचं, आत मुलाचं नाव लिहायचं, पुस्तक त्याला झेपेल असं असायचं. एवढा साधा अर्थ!

आता खरं सांगते. ते पत्रक मी तयार केलं. मूळ शब्द "वाचनाची तुसी" असा होता. छापताना चौकोनात मावेना, म्हणून मी "वाचनाची" कापलं. बाकी गावांनी पुस्तक समजून घेतलं आणि पुस्तकं नाहीत म्हणून डोक्याला हात लावला. फक्त तुमच्या गावाने हूं की चूं न करता पूर्तता केली! मी ऑफिसात तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग संडासात जाऊन रडले, मग पुन्हा हसले.

ऐका. उतुमेआच्या शाळेत पुस्तकं आहेत. एका दिवसापुरती त्रेचाळीस आणा. लेसासाहेब गेले की परत करा. सगळे करतात. आमच्याकडे एक नकाशा आहे, तो आजवर अकरा शाळांच्या भिंतींवर पास झालाय.

शाळा बंद झाली तर ती माझ्या एका शब्दाने बंद होईल. ताईची शाळा. मला माफ करा.

मातालेना


वाइतोलो
९ मार्च
जावक क्र. ३

चि. मातालेना हिस,

तुझे पत्र आणि श्री. लेसा एकाच बसने आले. मी कर्तव्यावर असल्याने पत्र खिशात ठेवले आणि साहेब परत गेल्यावर दुपारी तीन वाजता उघडले. त्यामुळे उसनवारीचा सल्ला मला वेळेत मिळाला नाही. वेळेत मिळाला असता तरी मानला नसता.

आता घडले ते क्रमाने सांगतो.

साहेबांनी हार घालून घेतला. टाकी पाहिली, दारे पाहिली. खिडक्यांच्या चौकोनाशी थांबून त्यांनी चारही बाजूंना मान वळवली आणि खूण केली. नंतर पाचवीच्या वर्गासमोर बसून म्हणाले, "मुलांनो, आपापली तुसी दाखवा."

सर्वांनी खिशातून, कमरेतून, एकाने टोपीतून पत्रे काढली.

"हे काय, गुरुजी?"

"तुसी. कलम सात."

ते समोरच्या इओपूस म्हणाले, "वाच."

इओपूने फिलिपोचे पत्र न अडखळता वाचले: "इओपू, माझ्या होडीखाली लपून शाळा बुडवणारा तूच, हे मला ठाऊक आहे. तुझ्या बापाला सांगणार नाही. पण लपून झालं की होडी होती तशी ठेवत जा." त्याचे वडील पालकांत पुढेच बसले होते. इओपूस ही गोष्ट शेवटचे वाक्य वाचून झाल्यावर लक्षात आली.

तालिताने वाओसाबाईंचे वाचले: "तालिता, चर्चमध्ये तुझा आवाज माझ्यापेक्षा वर जातो. रविवारी माझ्या शेजारी उभी राहत जाऊ नकोस. किंवा राहा, पण मला शिकव." ज्या मुलास पाद्रींचे पत्र आले होते तो तिसऱ्या पानावर पोचेपर्यंत साहेबांनी हात वर केला. मुलगा थांबेना. "अजून शेवट आहे," तो म्हणाला.

"गुरुजी," साहेबांनी मला विचारले, "पुस्तकं कुठायत?"

"अकरा आहेत, कपाटात. पुस्तकांविषयीचे कलम पत्रकात आढळले नाही. ते राहून गेले असावे. खात्याच्या निदर्शनास आणणार होतो."

त्यांनी पत्रक काढले. कलम सात वाचले. चष्मा पुसून पुन्हा वाचले. तेवढ्यात वाओसाबाई मागून म्हणाल्या, "साहेब, फॉर्म तुमचा, शब्द तुमचा, पत्रं आमची. आता यात नापास कोण झालं ते सांगा."

साहेब हसले नाहीत. परंतु ते नियमाचे माणूस आहेत, आणि नियमाच्या माणसाविषयी मला नेहमीच आदर वाटत आला आहे. ते म्हणाले, "कलमात तुसी आहे. इथे तुसी आहेत. मुलाला वाचता यायला हवी, असंही आहे. सगळ्यांचं ऐकतो." सर्वांचे ऐकण्यास दीड तास लागला. मग त्यांनी लिहिले: "तुसी: ४३. वाचल्या: ३४."

उरलेली नऊ पहिलीची. त्यांनी पत्रे उलटसुलट धरली, हुंगली, एकाने गुडघ्यावर ठेवून थोपटले. वाचता कोणासच आले नाही, कारण त्यांना शिकवणारे कोणी नाही.

निर्णय असा: दोन आठवड्यांत पहिलीस प्रमाणपत्रधारक शिक्षक हवा, आणि मे अखेर या नऊ मुलांनी आपापले पत्र वाचून दाखवावे. अन्यथा शाळा बंद. मी विचारले की पुस्तके असल्यास अनुदान आणि अनुदान असल्यास पुस्तके, या वर्तुळात शाळेने शिरावे कोठून? साहेब म्हणाले, "तुम्ही शिरलात की, गुरुजी. मला विचारू नका कसे."

चौकोन लहान होता हे तुझे कारण मी मान्य करत नाही. जागा अपुरी असता अनावश्यक शब्द कापावा, आवश्यक नव्हे. हे तुला तुझ्या बहिणीने शिकवलेले आहे. माफीचा प्रश्न मात्र उद्भवत नाही. चौतीस मुलांनी त्या दिवशी जे वाचले ते अकरा पुस्तकांनी त्यांच्याकडून कधी वाचून घेतले नव्हते.

शिक्षक कोठून आणावा, हे कळत नाही.

सेतेफानो


आपिया
१४ मार्च

भावजी,

शिक्षक कोठून आणावा म्हणे! वाइतोलोत प्रमाणपत्रधारक माणूस एकच आहे आणि तो मला जावक क्रमांक घालून पत्रं लिहितो.

नियम काढून पाहिला: पद रिकामं असेल तर सत्तर वर्षांपर्यंतचा निवृत्त शिक्षक तात्पुरता नेमता येतो. तुम्ही सहासष्टचे. हा नियम मी लिहिलेला नाही, म्हणून तो अगदी स्पष्ट आहे. नेमणुकीचा कागद सोबत आहे. सही मी त्या टेबलाच्या मालकाकडून घेतली. त्याला लेसासाहेबांचा अहवाल मोठ्याने वाचून दाखवला. होडीच्या गोष्टीपाशी पोचले तशी त्याने पेन उचललं.

"मी मुख्याध्यापक होतो, पहिली मला येत नाही," असं लिहिण्यासाठी तुम्ही कागद घेतला असेल, तर तो दुकानदाराला परत करा. गावात टंचाई आहे.

मातालेना


वाइतोलो
२६ मार्च

चि. मातालेना हिस,

आज वर्गाचा सहावा दिवस. जावक क्रमांक घालण्यास वेळ मिळालेला नाही.

ऑगस्टपासून मी त्या फालेत पाऊल ठेवले नव्हते. त्यापूर्वीची सव्वीस वर्षेही केवळ हजेरी मोजण्यापुरता आणि खांबाच्या बाहेरूनच. गेल्या सोमवारी पावणेआठ वाजता आत गेलो, फळ्यापाशी उभा राहिलो आणि "सुप्रभात" म्हणालो. एकही मूल बोलले नाही. अखेर फीआ नावाची मुलगी हळूच म्हणाली, "बसा ना, गुरुजी. माणसं बसलेली असताना उभं राहून बोलू नये, आई रागावते."

माझे गुडघे मांडी घालण्याच्या वयाचे राहिलेले नाहीत. दोन मुलांनी एकेक हात धरून मला खाली उतरवले. उठवण्यास सहा लागली.

मुले हुशार आहेत. गेल्या वर्षी बालवर्गाची म्हणून ती तुझ्या बहिणीच्याच चटईच्या कडेला बसत असत, त्यामुळे अक्षरांचा तक्ता त्यांना तोंडपाठ आहे. अक्षर ओळखणे तेवढे राहिले आहे. स्वर झाले, व्यंजने झाली. परंतु आपल्या वर्णमालेतील शेवटची तीन अक्षरे, ह, क, र, ही पुढे सरकत नाहीत. "ह" आला की सगळी थांबतात. एकमेकांकडे पाहतात. शेजाऱ्याच्या खांद्यात तोंड खुपसतात.

"म्हणा, ह."

"बाई करायच्या तसं आधी करा."

"बाई काय करत असत?"

या प्रश्नाचे उत्तर कोणी देत नाही. फीआ म्हणते, "तुम्हाला नाही सांगायचं." मी दरडावले, मग विनवले, मग गोड तळलेले पनीकेके आणून दिले. ते खाऊन पुन्हा तेच. शिक्षक-पुस्तिका तपासली, मानक-पत्रक तपासले. "ह" या अक्षराखाली कोणतीही विशेष सूचना नाही. आणि माझ्या नऊ पत्रांपैकी सहांत पहिल्याच ओळीत "ह" आहे.

प्रशिक्षणाच्या वर्षी तू एक सत्र तिच्या वर्गात होतीस. तुला ठाऊक असले पाहिजे. कृपया उलट टपाली कळव. मुले थांबली आहेत, आणि मीही.

सेतेफानो


आपिया
३० मार्च

भावजी,

सांगते, पण रागवायचं नाही. ताईने मला शपथ घातली होती. ती आता मोडते.

"ह" आला की ताई उठून उभी राहायची. पोट पुढे काढायची. चष्मा नसला तरी नाकावर ओढायची. हात मागे बांधायची आणि घसा खाकरायची: "ह-ह-हम्म!" मग सगळा वर्ग उठून तसंच करायचा.

तुमची नक्कल हो. ऑफिसातून बाहेर पडताना तुम्ही जसे खाकरता ना, अगदी तशी. सव्वीस वर्षं या गावातली सगळी पोरं "ह" असंच शिकली. तुम्ही पलीकडे बसून ऐकत होता आणि तुम्हाला वाटायचं, पहिलीत सर्दीची साथ आहे. तुम्ही खात्याकडे दोनदा खोकल्याचं औषध मागवलं होतं. ते आलं तेव्हा ताई वहीआड तोंड लपवून एवढी हसली, की तिला खरंच ठसका लागला.

मातालेना


वाइतोलो
२९ मे

चि. मातालेना हिस,

श्री. लेसा आज येऊन गेले. नोंद जशीच्या तशी उतरवतो: "तुसी: ४३. वाचल्या: ४३." शाळा राहिली. अनुदानाचा पहिला हप्ता जूनमध्ये मिळेल, आणि त्यातून पुस्तकांची मागणी आजच केली आहे. मागणीपत्रात "वाचनाची तुसी" असे दोन्ही शब्द पूर्ण लिहिले आहेत. पुढल्या बसने येणाऱ्या टोपलीत वाओसाबाईंनी तुझ्यासाठी तारो ठेवला आहे. डुकरांना त्यातले काही मिळालेले नाही.

खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या कपाटात सापडल्या. न उघडलेल्या आहेत.

"ह" या अक्षराबाबत तुझे पत्र आल्यावर दुसऱ्याच दिवशी सूचनेप्रमाणे कृती केली. उभा राहिलो, हात मागे बांधले आणि घसा खाकरला. वर्ग पुढे सरकला. तथापि नोंद पूर्ण असावी म्हणून कळवतो, की मुलांचे मत अनुकूल नाही. बाईंना ते पुष्कळच चांगले जमत असे, असे त्यांचे एकमुखी म्हणणे आहे.

तुझा,
सेतेफानो
शिक्षक, इयत्ता पहिली